मागच्या सीटखाली

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा बाबांना पुण्याला धाडायचं की नाही, याचा निकाल मी मनातल्या मनात त्या दिव्यावर सोपवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच ते.

बाबा एकोणऐंशीचे. चाळीस वर्षं त्यांनी अंबरपेठेत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलं. आई गेल्यापासून ते बरकतपुऱ्यात माझ्याकडे असतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, दिवसभर घरी नसते, आणि गेल्या उन्हाळ्यापासून बाबा विसरायला लागले होते. गॅसवर दूध ठेवून खाली गप्पा मारायला जायचे. एकदा चिक्कडपल्लीहून निघाले आणि ऑटोवाल्याला घराऐवजी जुन्या दुकानाचा पत्ता देऊन बंद शटरसमोर जाऊन उभे राहिले. धाकटा भाऊ पुण्याहून फोन करायचा, "ताई, त्यांना इकडे पाठव. आमच्याकडे दिवसभर कुणी ना कुणी असतं." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं मी एकदा त्याला सुनावलं. माझी जीभ तशीच आहे. पण वर्गात शिकवतानाही मला धाकधूक असायची, हेही खरं.

त्यात हा दिवा. गाडी चालत होती झकास. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, पेट्रोलच्या टाकीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड येतोय, सेन्सर बदलू, दोन दिवस गाडी ठेवून जा. घरी येऊन सांगितलं तर बाबा उखडले.

"कोड म्हणजे नुसती तक्रार. तक्रार आली की लगेच माणसाला फाशी देतात का? आधी मोजायचं. गाडी तिथं नक्को ठेवू, मी बघतो."

तेव्हाच मी मनात म्हटलं, बघू या. यांनी दोष शोधला तर डोकं शाबूत आहे, भावाला नाही म्हणून सांगायचं. नाही शोधला, तर मग पुणं. पोटच्या पोरीनं बापाची परीक्षा घ्यायची आणि बापाला सांगायचंही नाही, असला तो कारभार.

पहिल्या रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाबांनी आपला जुना मीटर काढला. मला चावी फिरवून आत बसवलं आणि इंजिनजवळच्या कॉम्प्युटरच्या प्लगला मीटरच्या सुया हल्लू हल्लू लावल्या. मध्येच मला शिकवणंही चालू होतं. या सेन्सरला तीन तारा. एकीनं पाच व्होल्ट जातात, दुसरीनं सेन्सर दाबाचा निरोप देतो, तिसरी परतीची. जाणारे पाच व्होल्ट बरोबर होते. पण निरोपाच्या तारेवर दोन-अडीच दिसायला हवे होते, तिथंही जवळजवळ पाच.

"परतीची वाट कुठंतरी बंद आहे," बाबा म्हणाले. "ती बंद झाली की निरोपाचा आकडा असा वर चढून बसतो. सेन्सर बिचारा ठीक असणार."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांचा असा अभिमान वाटला की संध्याकाळी मी पुरणपोळ्या केल्या.

पण पुढचे दोन रविवार वाया गेले. बाबांनी इंजिनजवळच्या सगळ्या तारा चाचपल्या, दाराखालचा गालिचा उचकटला, पोतं अंथरून गाडीखाली झोपलेसुद्धा. मी म्हणत होते, "टाकीवरचा जोड मागच्या सीटखाली असतो ना? सीट उचलून बघू या."

"तिथं काही नाही. क्लिपा तुटतील."

दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तर हातातला स्क्रूड्रायव्हर आपटला. दुकानातल्या पोरांना हेच बाबा सांगायचे की जिथं दोष नसेल असं वाटतं, तिथं आधी बघा. आता काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि वर माझ्यावरच राग. मीही काही संत नाही. म्हणाले, "बाबा, पेट्रोलची टाकी कुठं असते, ते तरी आठवतंय का?"

बाबांनी मीटर पेटीत ठेवला आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

त्या संध्याकाळी मी गॅलरीतून भावाला फोन केला. बाबा आता खरंच विसरतात, घेऊन जा, म्हणाले. तो शनिवारी येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. रडताना सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची फार लाज वाटली.

गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. बाबा दूध आणायला गेले होते. मी खाली गेले आणि मागची सीट उचलली. दोन क्लिपा होत्या, एकही तुटली नाही. खाली टाकीवरचं पत्र्याचं झाकण होतं, आणि झाकणावर लाल फडक्याची एक पुरचुंडी. ओलीगच्च. उघडली तर आत विरघळत आलेलं खडेमीठ, मोहऱ्या आणि सात वाळक्या मिरच्या. झाकणाच्या फटीतून मिठाचं पाणी आत उतरलं होतं. झाकण काढलं तर सेन्सरचा जोड हिरवा पडलेला, आणि परतीच्या तारेची पिन तर त्या थराखाली दिसतच नव्हती. खडेमीठ हवेतली ओल ओढून घेतं, हे मी दर वर्षी वर्गात काचेच्या बशीत ठेवून दाखवते. अख्खा पावसाळा ते माझ्याच गाडीत पाझरत होतं.

कुणी ठेवलं म्हणून आधी मी चिडलेच. मग पुरचुंडीच्या गाठीवरची काळी टेप पाहिली. तिचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं. पुढच्या माणसाला सोडवताना नखं घासावी लागू नयेत म्हणून टेपचं टोक असं दुमडून ठेवणारा एकच माणूस मला माहीत आहे.

बाबा दुधाची पिशवी घेऊन येताना दिसले. मी पुरचुंडी हातात धरून उभी होते.

"हे तुमचं?"

पिशवी त्यांनी बॉनेटवर ठेवली. "हौ."

"कधी ठेवलंत?"

"टँकरनंतर."

गेल्या वर्षी पाण्याच्या टँकरनं माझी गाडी दुभाजकावर दाबली होती. डावीकडची दोन्ही दारं चेपली, मला खरचटलंही नाही. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, दोन्ही दारं बदलावी लागतील. एवढंच. किती कोरडा माणूस, असं मला तेव्हा वाटलं होतं. आई त्यांच्या गाडीत अशा पुरचुंड्या ठेवायची, तर ते काढून फेकायचे आणि चारचौघांत हसायचे, "गाडीला दृष्ट नाही लागत, गंज लागतो."

"तुम्ही? मीठ-मोहऱ्या?" मी विचारलं.

"तू त्या टँकरखाली गेली असतीस. तिथं मी मीटर लावून काय मोजणार होतो?"

मी म्हणाले, "म्हणजे दोष कुठं आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच रविवारी. आकडा बघितला आणि मीठ आठवलं. तू नसताना काढून टाकीन म्हटलं, पण तू नसतेस तेव्हा गाडीही नसते."

"अहो, मग सांगायचं होतं ना बाबा! मी तिकडे फोन करून..."

"ऐकलं. गॅलरीचं दार उघडं होतं."

"ऐकलंत आणि तरी गप्प बसलात? शनिवारी तो न्यायला येणार आहे तुम्हाला."

बाबांनी माझ्या हातातून पुरचुंडी घेतली. "बाप विसरतो म्हणालीस, ते चालतं. या वयात सगळ्यांचे विसरतात. पण बाप घाबरतो..."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"ब्रश आण जुना," ते म्हणाले. "आणि चारी दारं उघडी ठेव, पेट्रोलचं काम आहे."

चावी बंद करून त्यांनी जोड सोडवला आणि प्रत्येक पिन घासली. एकही पिन वाकली नाही. पुन्हा जोडून मोजलं तर निरोपाचा आकडा अडीचवर आला. आणखी दोन-तीन दिवस गाडी चालली की दिवा आपोआप विझेल, म्हणाले. पुरचुंडी त्यांनी स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

वर आल्यावर मी भावाला फोन केला. या वेळी गॅलरीत गेले नाही, बाबांच्या समोरच बसले. म्हटलं, शनिवारी भेटायला ये, न्यायला येऊ नको.

"ताई, रविवारी तर तूच म्हणालीस, ते विसरतात."

"विसरतात," मी म्हणाले. "पण ते माझ्याजवळच राहतील."