रिकाम्या सिलिंडरचे तीन ठोके

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. वॉर्डाच्या दाराला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, ती काढून कचऱ्यात टाकणारी मीच. वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली... मरणं खूप पाहिली, भूत एकही नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं.

धुळ्यात देवपूरला एक हॉस्पिटल आहे — नाव लिहीत नाही. नोकरीची सुरुवात मी तिथेच केली, लीलाअक्कांच्या हाताखाली. मग बरीच वर्षं जळगावला होते आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर इथेच लहान मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून परत आले. अक्का तोवर रिटायर होऊन सोनगीरला गेल्या होत्या.

अक्कांची एक सवय होती. दुपारी दोनला सकाळची शिफ्ट पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवते, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. ओव्हर घेण्याआधी अक्का कोपऱ्यातल्या जादा ऑक्सिजन सिलिंडरवर ते उघडायच्या लोखंडी चावीने तीन ठोके मारायच्या. भरलेलं सिलिंडर बद्द वाजतं. रिकामं घंटेसारखं वाजतं, आवाज लांबत जातो. "मीटरना काटा खोटं बोलीन, लोखंड नही बोलाव," असं त्या म्हणायच्या. आम्ही पोरी पाठीमागे हसायचो. पण कान तयार झाले ते झालेच.

मी इन्चार्ज झाल्यावर पहिलं काय केलं असेल? ते ठोके बंद केले. म्हटलं, आता पाइपलाइनचा ऑक्सिजन आहे, मुलं दचकतात, हे काय लोहाराचं दुकान आहे? छापील तक्ता आणला. प्रत्येक शिफ्टने मीटरचा आकडा लिहायचा, खाली सही. माझा तक्ता किती देखणा दिसतो, हे मी भेटेल त्याला दाखवत होते. माझ्यापेक्षा सीनियर असलेल्या दोघी-तिघी मनातून रागावलेल्या होत्याच, "जळगावची मॅडम" हे त्यांनीच ठेवलेलं नाव.

जानेवारीतली दुपार. थंडीने न्यूमोनियाची मुलं वाढली होती, नऊ जणं ऑक्सिजनवर. मी टेबलाशी उभी राहून पुढच्या शिफ्टची वाट बघत होते. घड्याळात दोनला पाच कमी.

टण्ण... टण्ण... टण्ण.

लांबत गेलेले तीन ठोके. मी वळून पाहिलं. कोपऱ्यात दोन मोठी सिलिंडर, शेजारी कुणी नाही. माझ्या बाजूला रोशनी सिस्टर औषधं काढत होती. मी विचारलं, "कुणी ठोकलं ग?"

"काय सिस्टर? मला नाही आलं ऐकू."

मला वाटलं, झोप कमी पडते आहे आपली. पण चार नंबरच्या कॉटजवळ शिरपूरकडच्या एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या, त्या ओरडल्या, "व बाई, ते नळकांडं कोनी ठोकं? मनी पोर दचकनी ना!"

मी सिलिंडरपाशी गेले. दोन्हींना मिळून एकच मीटर, काटा १४० वर. म्हणजे भरलेली. रोशनी म्हणाली, "आत्ताच लिहिलं मी. एकशे चाळीस." मी तक्ता उघडला. काल एकशे चाळीस. परवा एकशे चाळीस. तीन वेगवेगळी अक्षरं, आठवडाभर तोच आकडा आणि प्रत्येक पानाखाली माझी झोकदार सही!

मी खिशातली चावी काढली आणि स्वतः ठोकलं. टण्ण... दुसरं ठोकलं. तेही तसंच. मीटरवर टिचकी मारली तर अडकलेला काटा थरथरला आणि थेट शून्यावर येऊन पडला.

पुढची शिफ्ट आली होती, सकाळच्या पोरी पर्सा उचलून निघाल्या होत्या. मी दारात उभी राहिले. "भरलेली सिलिंडर वर येईपर्यंत ओव्हर होणार नाही. कुणी घरी जायचं नाही."

"सिस्टर, लाइन चालू आहे की!" एक जण चिडून म्हणाली. "माझी बस आहे पारोळ्याची."

"बस दुसरी मिळेल. चूक माझी आहे, सही माझी आहे. शिव्या उद्या द्या."

स्टोअरला फोन केला तर म्हणे मागणी लिहून पाठवा, चारला बघू. मी म्हटलं, चारला मी नाही बघणार, आत्ता बघणार... आणि तिथे जाऊन उभीच राहिले. आमच्या वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, त्यांना सगळे नाना म्हणतात, ते बिचारे म्हणाले, "ताई, लिफ्ट बंद शे. रॅम्पवरतीन आननं पडी." मग काय, नाना पुढे, मी मागे, ट्रॉली ढकलत दोन फेऱ्या. चार सिलिंडर वर आणली. प्रत्येकावर ठोके मारले. बद्द, बद्द, बद्द, बद्द. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नसेल. दोन वॉर्डातल्या पाइपला जोडली, दोन भिंतीला साखळीने बांधली.

मी घाम पुसते न पुसते तोच लाइनचा अलार्म वाजला. खालचा मुख्य व्हॉल्व्ह अडकला होता. भिंतीतला ऑक्सिजन बघता बघता उतरला.

त्या क्षणी वॉर्डात दोन शिफ्टच्या मिळून चौदा सिस्टर होत्या आणि नऊ मुलं. एरवी सात असत्या आणि कोपऱ्यात रिकामं लोखंड. "रोशनी, खालून येणारी लाइन बंद कर, सिलिंडर उघड! दोन आणि सात नंबरला अँबूचा फुगा दाबून श्वास द्या! बाकी एकेका पोराजवळ एक जण!" पारोळ्याच्या बसवाली सात नंबरवर मी सांगायच्या आधीच वाकलेली होती. डॉक्टर धावत आले तेव्हा नऊच्या नऊ मुलं गुलाबी होती आणि त्यांतली तीन भोकाड पसरून रडत होती. रडू द्या! तासाभराने लाइन सुरू झाली. तोवर कुणी पर्सकडे बघितलंसुद्धा नाही.

आजींनी माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. मी, लिंबू-मिरची फेकणारी, मुकाट उभी राहिले. ऊर भरून आला होता हो. त्या दिवसापासून "जळगावची मॅडम" बंद झालं.

संध्याकाळी स्कूटी काढली आणि तडक सोनगीर गाठलं. अक्कांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मला फक्त पायावर डोकं ठेवायचं होतं. त्यांच्या सुनेने दारातच सांगितलं, "ताई, आज नवल व्हयनं! अक्काना उजवा हात हालना. चमचा धरा नि पलंगना लोखंडवर तीन दाव ठोका."

आठ महिने लुळा पडलेला हात हलला, आणि चमच्याने तीन ठोके! मी विचारलं, "किती वाजता?"

"पोऱ्या साळामाईन उनात तव्हय. दोनले पाच कमी व्हतीन." पोरं शाळेतून आली तेव्हा, म्हणजे माझ्या वॉर्डात ठोके वाजले तेव्हाच.

आत अक्का टक्क जाग्या होत्या. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. सून म्हणाली, दुपारपासून अशाच आहेत, डोळा मिटत नाहीत. मी जवळ बसले, तो उजवा हात हातात घेतला. अगदी निर्जीव होता. म्हटलं, "अक्का, बठ्ठा पोरे बरा शेतस. नऊच्या नऊ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या कशासाठी थांबल्यात. पुढची शिफ्ट ताब्यात घेईपर्यंत अक्का कधी वॉर्ड सोडायच्याच नाहीत.

"ओव्हर घेतला मी अक्का," मी म्हटलं. "तुम्ही सुटा आता."

त्यांनी डोळे मिटले आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

अक्का अजून आहेत. तो हात पुन्हा कधी हलला नाही. असा हात हलू शकतो का, डॉक्टरांना विचारलं, त्यांनी आधी मानेनेच नाही म्हटलं, मग विषय बदलला. सोनगीरचा चमचा देवपूरच्या वॉर्डात कसा वाजला, हे मला आजही सांगता येत नाही. तक्ता अजून आहे, फक्त त्यात एक रकाना वाढवला, 'ठोकून पाहिले'. रोज दोनला पाच कमी असताना मी चावी काढते, तीन ठोके मारते, आणि बद्द आवाज आला की मगच सही करते.