नाखव्याचा कान

हिरू नाखवा वल्हं पाण्यात उभं धरायचा, वरचं टोक कानाला लावायचा आणि होडीतल्या सगळ्यांना दटावायचा, "गप ऱ्हावा! घोल बोलते." पाण्याखाली घोळ माशांचा थवा गुरगुरतो, ते त्याला वल्ह्यातून ऐकू यायचं. वरळीचा हा कोळी वीस वर्षं मत्स्यखात्याच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. मासळी कुठे आहे, हे साहेबसुद्धा त्यालाच विचारत.

मग होड्यांना इंजिनं आली आणि हुकूम निघाला. इंजिनाच्या वर्गात पास होईल तोच होडीवर, बाकीचे गोदामात. वर्ग माझगावला, आणि मास्तर मी! गिरगावातला, नवाकोरा डिप्लोमावाला. वर्ग सुटला की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घसा फोडायचो, वर्गात मात्र इंग्रजी पुस्तक घोकून घ्यायचो. पहिल्या वर्षी नाखव्याने कोरा पेपर दिला.

"मास्तर, रस्त्यावर मराठी नि वर्गान विंग्रजी? ह्यो कसला खेल?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांशी हुज्जत घालून पुढच्या वर्षीची परीक्षा मी तोंडी आणि मराठीत करून घेतली. पण इंजिनावरचे आकडे त्याला वाचता येईनात. तेव्हा मीच अक्कल पाजळली, "नाखवा, तुमचा कान तयार आहे. इंजिनाला कान लावा, बिघाड आवाजावरून ओळखा."

वर्षभर तो त्या धडधडत्या लोखंडाला कान चिकटवून बसला. हळूहळू मोठ्याने बोलायला लागला. "बायको म्हनते, भांडतंस कशाला? आरं, मी गोडीनं बोलतंय!" असं सांगून स्वतःच हसायचा. मीही हसायचो, गाढव कुठला!

परीक्षेत त्याने एकूण एक बिघाड ओळखले. पहिला आला.

दाखला घेऊन मी त्याच्या होडीवर गेलो. तो त्याने कपाळाला लावला. होडी खोल पाण्यात नेऊन इंजिन बंद केलं आणि कितीतरी दिवसांनी वल्हं उभं धरलं. उजवा कान लावला, मग डावा. त्याचं तोंड उतरलं.

"मास्तर, तुमी ऐका. मासली गेली का माजा कान गेला?"

मी कान लावला. खाली घोळी गुरगुरत होत्या, अगदी स्पष्ट.

"मासळीच नाही, नाखवा," मी म्हणालो.

"काय?"

ते खोटं मला त्याच्या कानाशी ओरडून पुन्हा सांगावं लागलं.