हेंड्रिक आजोबांची चहाची ड्युटी

"मला बहुतेक परत जावं लागेल," हेंड्रिक म्हणाले. "इथे मला कुणी कामच करू देत नाही."

त्यांना आमच्या वृद्धाश्रमात येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. मी पनवेलची फिजिओथेरपिस्ट. स्वतःचं क्लिनिक आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस कोन गावाच्या पुढे असलेल्या या आश्रमात जाते. हेंड्रिक नेदरलँड्सचे. आयुष्यभर ट्राम चालवली. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तीन महिन्यांसाठी व्हॉलंटियर होऊन इकडे आले. फरशी धुवायला स्वतःचे रबरी बूटसुद्धा घेऊन आले होते. एकच गोची होती. त्यांचं वय पंचाहत्तर.

आता पंचाहत्तर वर्षांचा माणूस वृद्धाश्रमाच्या दारातून आत आला, तर आमची माणसं काय करणार? खुर्ची देणार. हेंड्रिकनी झाडू उचलला की कुणीतरी धावत येऊन तो काढून घ्यायचं. जेवणाचं पहिलं ताट त्यांचं. एका मावशीनं तर त्यांचं बीपी तपासून वहीत लिहूनही ठेवलं. मराठीतला पहिला शब्द ते शिकले, तो 'बसा'.

मी संगीतामावशींना गाठलं. महिला विभाग त्यांच्याकडे.

"अहो, ते काम करायला आलेत."

"मॅडम, माझ्या सासऱ्यांच्या वयाचे आहेत ते. त्यांच्या हातात पोछा देऊ? देव बघतोय वरून."

"पण ते स्वतः मागतायत ना!"

"ते मागतील हो. आपल्याला कळायला नको?"

मी कपाळाला हात लावला.

खरं सांगायचं तर माझा राग काही फक्त हेंड्रिकसाठी नव्हता. या प्रेमळपणानं माझा एक पेशंट वाया चालला होता. हौसाबाई. गव्हाणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. धक्क्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरात सगळे कामावर जाणारे, त्यात घराला पाच उंच पायऱ्या. "आई चालायला लागली की लगेच नेतो," असं म्हणून मुलगा रमाकांत तिला इथे ठेवून गेला. त्याला तीन महिने झाले होते. पाच आठवड्यांवर नातीची हळद होती. हौसाबाईंना ती घरात उभं राहून बघायची होती. "पोरीला हलद मीच लावनार, पयली," एवढं एकच त्या रोज म्हणायच्या.

हाड उत्तम जुळलं होतं. पण अंगाचं एक असतं, वापरलं नाही की ते काम विसरतं. आम्ही त्याला डीकंडिशनिंग म्हणतो. माणूस पडून राहिला की मांडीचा स्नायू वाळतो, तोल जायला लागतो आणि मग भीती बसते. भीतीवर गोळी नाही. मी अर्धा तास घाम गाळून हौसाबाईंना उभं करायचे, आणि उरलेला दिवस मावश्या त्यांना हातात पाणी, हातात चहा, हातात कंगवा द्यायच्या. चालायला दिलेल्या वॉकरवर परकर वाळत असायचा! मी ओरडले की दोन दिवस परकर दिसायचा नाही, तिसऱ्या दिवशी हजर.

असो. हेंड्रिकना इथे थांबवून घ्यायचं तर काहीतरी करणं भाग होतं. मी आमच्या मॅनेजरांकडे, देशमुख सरांकडे गेले. बँकेतून रिटायर झालेले, अगदी नियमाचे. आश्रमात त्यांच्या ड्युटी चार्टपुढे कुणाचं काही चालत नाही.

"सर, चार्टवर हेंड्रिकचं नाव घाला."

"पाहुण्याला राबवायचं? लोक काय म्हणतील मॅडम?"

"पाहुणा पळून चाललाय सर."

सरांनी पेन काढलं. 'दुपारचा चहा, महिला विभाग : हेंड्रिक.' खाली सही, शिक्का. संगीतामावशींनी चार्ट दोनदा वाचला, पण शिक्क्यापुढे काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी चार वाजता हेंड्रिक ट्रे घेऊन निघाले. ऐट अशी, की पुन्हा ट्रामच मिळाली. हौसाबाईंच्या कॉटपाशी आले, कप पुढे केला. हौसाबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"कवरं वय हाय याचं?" त्यांनी मला विचारलं.

"पंचाहत्तर."

"आगो बाय! माज्याउन चार वर्सांनी मोटा. आन मी लोलत पडून याच्या हातचा चा पिऊ? मना लाज नाय काय?"

"मग उठा की. त्या समोरच्या टेबलावर ठेवतील ते, तुम्ही घ्या."

"मना उटवत नाय."

"मग प्या त्यांच्या हातचा."

"नको मना चा."

आणि खरंच चहा सोडला बाईंनी. दोन दिवस! देशमुख सर घाबरले. "मॅडम, मुलगा आला तर काय सांगू? आई उपाशी का?" मावश्या माझ्याशी बोलेनात. मीही आतून टरकले होते. उगाच कशाला खोटं सांगू, हे असं होईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. हेंड्रिक मात्र रोज चार वाजता येत, कप टेबलावर ठेवत, बाजूला उभे राहत. कप गार झाला की उचलून नेत.

तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी वॉकरवरचा परकर ओढून कॉटवर फेकला. उभ्या राहिल्या. पाय लटलटत होते. मी त्यांच्या मागे हात धरून, पण न शिवता. सहा पावलं. टेबलाशी पोचल्या, एका हातानं खुर्ची ओढली आणि हेंड्रिकना म्हणाल्या, "बस."

हेंड्रिक पहिल्यांदाच कुरकुर न करता बसले. कप बाईंनी त्यांच्यापुढे सरकवला. "आदी तू पी. दमलास." मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. संगीतामावशी तर पदर तोंडाला लावून रडतच होत्या.

यापुढची शक्कल हेंड्रिकची. ते रोज टेबल थोडं पुढे सरकवायचे. वॉर्डाच्या टोकाला, मग पॅसेजमध्ये, मग व्हरांड्यात.

"यो टेबल रोज कुटं पलतो गो मॅडम?" हौसाबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक? ड्युटी त्यांची."

शेवटच्या आठवड्यात टेबल व्हरांड्याच्या चार पायऱ्या उतरून अंगणात गेलं. हौसाबाईंनी हेंड्रिकना अस्सल कोळीवाड्यातल्या चार शिव्या दिल्या. त्यांना कळल्या नाहीत, त्यांनी हसून मान डोलावली. मग त्या कठडा धरून उतरल्या. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे मी शिकवलेलं त्या मोठ्यानं घोकत होत्या. त्यांच्यामागे आणखी चार आज्याही चहाला अंगणात आल्या.

हळदीच्या दिवशी रमाकांत दोन भावांना आणि एक खुर्ची घेऊन आला. आईला उचलून न्यायला. हौसाबाई म्हणाल्या, "खुर्चीव तूच बस." हेंड्रिकना आणि मला आमंत्रण होतंच. घराशी मांडव, बेंजो, निम्मा गाव दारात. पाच पायऱ्या. बाई चढल्या. चौथीवर दम लागला तेव्हा रमाकांत पुढे झाला, मी त्याचा शर्ट मागून धरला. पाचवी चढल्या, सरळ आत गेल्या आणि नातीच्या गालाला पहिली हळद लावली. रमाकांत पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांची रजा घेऊन गेलेल्या हौसाबाई परत आल्या नाहीत. पाचव्या दिवशी रमाकांत त्यांचं सामान न्यायला आला. देशमुख सरांनी रजिस्टर उघडलं. आश्रम सोडल्याच्या कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच शब्दानं भरलेला. 'निधन'. सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चालत घरी गेल्या.'

तुमच्या घरी कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल आणि चालता येत असेल, तर उद्यापासून त्यांना चहा हातात देऊ नका. शिव्या बसतील. खा.