दादानं उतारावर पारखलेला ट्रक

माहेरून, बिरसीहून फोन आला तेव्हा मी मुर्रीला आमच्या घरी भाजी निवडत बसले होते. पलीकडून वहिनी रडत होती आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "सुमेध?" माझा मुलगा सुमेध त्या वेळी नवा ट्रक घेऊन मुरमाच्या खदानीवर गेला होता. वहिनी म्हणाली, "सुमेध नाही व बाई... तुमचे दादा." आणि खरं सांगते, क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. सख्खा मोठा भाऊ गेलाय हे मग डोक्यात शिरलं. त्या एका क्षणाबद्दल कोणाला मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत. दादानं ठेवली नसती. सुमेध उतारावरून सुखरूप खाली कसा येईल, या एका घोरातच तर त्याचे शेवटचे दिवस गेले.

यशवंतदादा जन्मभर ट्रक चालवत आला, तेही डांबरी रस्त्यावर नाही. इटियाडोह धरणाच्या बाजूला जंगलाला लागून टेकड्या आहेत. तिथला मुरूम भरायचा आणि खाली नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर आणून टाकायचा. रस्ता म्हणजे आदल्या ट्रकच्या चाकांनी पाडलेली वाट, बस्स. तरुणपणी असाच एक भरलेला ट्रक त्याला घेऊन उतारावरून सुटला. दादा वाचला, पण डावा पाय कायमचा लंगडा झाला. तेव्हापासून त्याला सवय जडली... कुठलंही वाहन उभं केलं की चाकाखाली दगड. अंगण सपाट असो, साधी मोटारसायकल असो, दगड लावल्याशिवाय तो घरात पाऊल टाकत नसे. माझ्या लग्नात नवरदेवाच्या गाडीलाही त्यानं दगड लावला आणि रडारडीत काढायचा विसरला. मी आत बसलेली, गाडी नुसती घुरघुरते आणि जागची हलत नाही. सासरचे म्हणाले, भावाला बहीण सोडवत नाही बघा. दादा डोळे पुसत वाकून दगड काढायला लागला तेव्हा सगळा मांडव हसला होता.

सुमेधनं मामाचाच धंदा धरला. मी शाळेत शिकवणारी बाई, नोकरी शोध म्हणून सांगता सांगता माझा घसा बसला, पण ऐकेल तर शपथ! तो खदानीवर असला की माझं घरात लक्ष लागत नसे. तो डोळ्यांना दिसेपर्यंत मी गॅसही पेटवत नसे. पुढे दादाचा जुना ट्रक थकला आणि त्याच सुमारास दादाचं हृदयही थकलं. नवा ट्रक घ्यायचं ठरलं. सुमेधचा डोळा एका लांबलचक बारा चाकी ट्रकवर होता. आमच्याकडे लोक ट्रक घेताना दोनच गोष्टी पाहतात, चढावर ओढतो किती आणि डाला, म्हणजे माल भरायचा मागचा हौदा, केवढा. वरून त्या डाल्याला आणखी फळ्या ठोकून घेतात. विकणाऱ्यानं ट्रक डांबरी रस्त्यावर रिकामाच फिरवून दाखवला. दादा म्हणाला, "रिकामा तं माही बहीणही चालवून दाखवन. भरून दाखव, खदानीवर."

मी भडकलेच. "डॉक्टरनं घराबाहेर पडू नको म्हटलं अन् तू खदानीवर जाऊन राहिला? कायले?"

"अवं, आपला माल वरून खाली येते. चढताना ट्रक रिकामाच रायते. मंग लोक चढ पाहून कायले ट्रक घेतेत?" बिरसीच्या त्याच्या अंगणावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात. तिकडं बोट दाखवून म्हणाला, "ते पोट्टे पाह्य. दिवसभर काय शिकून राहिले? उतरणं." मी त्याच्या गोळ्या पर्समध्ये घातल्या आणि सोबत निघाले.

खदानीवर त्या बारा चाकीत मुरूम भरला. सुमेध चालवायला, बाजूला दादा आणि त्याला खेटून मी. उताराच्या तोंडाशी दादा म्हणाला, "खालचा गिअर टाक. आता ब्रेकवरून पाय उचल." सुमेधनं पाय उचलला आणि मायबाई! ट्रक जो सुटला... "दाब रे!" मी किंचाळले. ब्रेक दाबत दाबत कसेबसे खाली आलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. दादा एवढंच म्हणाला, "हा नाही." विकणारा तणतणत गेला. सुमेध दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही तो ट्रक मीच बिघडवला होता! मग दुसरा पाहिला. दहा चाकी, बुटका डाला, दिसायला अगदीच साधा. तोही भरला आणि त्याच उतारावर नेला. सुमेधनं पाय उचलला तरी इंजिननं त्याला आवरून धरलं. कडेवर लेकरू घेतलेली बाई घाटाच्या पायऱ्या उतरते ना, तसा तो बेतानं उतरला. दादा हसला. म्हणाला, "हा घे."

"मामा, डाला लहान हाय."

"एक खेप जास्त मार गा. घरी तं येशीन."

ट्रक घरी आला आणि थोड्याच दिवसांत दादा गेला. झोपेतच गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमलेले लोक म्हणत होते, फार लवकर गेला. मला तसं वाटलं नाही. मनात धरलेलं काम उरकून तो गेला होता.

मागच्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. संध्याकाळी सुमेध चिखलानं माखून आला आणि दारातच बसला. "आई, उतार पुरा साबण झालता. पुढच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला अन् घसरत नालीत गेला. वाचला तो. माहाही पाय ब्रेकवर गेलाच होता... मामा बाजूले बसून हाय असंच वाटलं. उचलला पाय. आला ट्रक हळूहळू खाली." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला धरून पोटभर रडले. दादा गेल्यापासून अशी मोकळी मी रडलेच नव्हते. फार हलकं वाटलं.

आमचं मुर्रीचं अंगण परातीसारखं सपाट आहे. सुमेधनं बिरसीहून मामाचा चाकाला लावायचा काळा दगड आणून ठेवलाय. संध्याकाळी इंजिन बंद होतं, दार आपटतं, आणि मग चाकाखाली दगड सरकवल्याची खरखर ऐकू येते. ती ऐकली की मी गॅस पेटवते आणि भात टाकते.