खोडायचं तर सही करा

संशोधन केंद्रात सगळे तिला मावशी म्हणत. किनाऱ्यावर देवमासा मरून पडला की तो कशाने मेला याचा अहवाल डॉक्टर लिहीत, पण गुडघाभर चरबीत उभं राहून त्याला कापायची ती मावशी. सव्वीस वर्षांत एकतीस. घरी येऊन तीनदा अंघोळ केली तरी धाकटी जाऊ म्हणायची, "ताई, तुम्ही आलात हे बेल वाजायच्या आधीच कळतं."

"मग बेल काढून टाक. तेवढीच वीज वाचेल."

या वेळची मादी होती, बसएवढी. पाठीवर सारख्या अंतराने चार खोल घाव, जहाजाच्या पंख्याचे. मावशीने चरबी सोलली, तर खालचं मांस वीतभर काळंनिळं, रक्त साकळलेलं. मावशी खाटकाची मुलगी. मेलेल्या जनावराला कितीही बडवा, रक्त साकळत नाही, हे तिला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. घाव बसले तेव्हा मादी जिवंत होती. डॉक्टरांनीही वाकून पाहिलं, मान डोलावली.

टाइप होऊन आलेल्या अहवालात मात्र होतं : मृत्यू आजाराने, जखमा मृत्यूनंतरच्या.

खाली कापणाऱ्याचीही सही लागते. डॉक्टरांनी बोट ठेवलं. "इथे, मावशी."

"काळंनिळं कुठे गेलं?"

"वरून आलंय. खरं लिहिलं तर बंदरवाल्यांना जहाजांचा वेग कमी करावा लागेल."

"मग करू देत की."

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. "उद्या बघते," म्हणून मावशी घरी आली.

नवरा मटार सोलत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "दोन महिन्यांनी निवृत्त होणार. वर्षाची मुदतवाढ तोंडाशी आलीय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"देवमासा मासा नसतो."

"बरं बाई, नसतो."

"तिला दूध होतं. कापताना माझ्या हातावर सांडलं."

नवऱ्याने पुढची शेंग उचलली, पण सोलली नाही.

सकाळी संचालकांच्या खोलीत, डॉक्टरांसमोर, मावशीने पेन मागितलं आणि सहीच्या जागी सावकाश लिहिलं : 'चरबीखाली रक्त साकळलं होतं. जखमा जिवंतपणीच्या. मी कापलं, मी पाहिलं.' मग त्याखाली सही केली.

"फक्त सही करायची असते," संचालक म्हणाले. "खोडा ते."

"तुम्ही खोडा, साहेब. खोडलं की शेजारी खोडणाऱ्याची सही आणि तारीख. नियम तुमचाच."

"नवी प्रत काढू."

"काढा. तिच्यावरही हेच लिहीन. अक्षर वाईट आहे माझं, सरावाने सुधारेल."

संचालकांनी कागद डॉक्टरांकडे सरकवला. "तुम्ही खोडा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. ती ओळ दोनदा वाचली. मग टोपण लावलं. "मीही वाकून पाहिलं होतं, सर."

संचालक मावशीकडे न बघता म्हणाले, "मुदतवाढ विसरा."

"विसरले," मावशी म्हणाली. "कागदावर जावक क्रमांक पडेपर्यंत बाहेर बाकावर बसते. घाई नाही मला."