छपरावरची वीतभर काच

“आधी बघायचं, मग हात लावायचा,” पंडितकाका नेहमी म्हणायचे. चंद्रपूरकडे बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही इथे, अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये, लेकीच्या, रोशनीच्या घरी.

डिसेंबरात स्वयंपाकघराच्या उतरत्या छपरावरची सोलर पॅनेलं बर्फाखाली गेली. काकांनी वरच्या खिडकीतून बादलीभर कढत पाणी ओतलं. पाण्याचा काचेवरच बर्फ झाला. उरलेलं मागच्या दाराच्या पायरीवर ठिबकून गोठलं. त्यावरून काका घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

“आता पॅनेलला हात लावायचा नाही,” रोशनीने बजावलं. “बर्फ वितळेल आपोआप.”

“कधी?”

“एप्रिलमध्ये.”

एप्रिलपर्यंत नुसतं खिडकीत बसायचं? काका बसले, पण बघत बसले. एका पॅनेलचा खालचा कोपरा वाऱ्याने उघडा पडला होता. वीतभर काळी काच. उन्हात ती काच तापली, आणि दुपारी त्या पॅनेलवरचा बर्फ चादर ओढावी तसा खाली आला. शेजारचं पॅनेल तसंच पांढरं. मग सगळा बर्फ काढायची गरजच काय?

प्लास्टर निघालं तेव्हा फेब्रुवारी लागला होता. काकांनी फोमची फळी लावलेला लांब दांडा दाखवून लेकीकडे एक संधी मागितली.

“एकच,” रोशनी म्हणाली. “शिडी नाही. जमिनीवरूनच. जेवणापर्यंत काही झालं नाही तर तो दांडा मी देऊन टाकणार.”

रविवारी सकाळी त्या दांड्याने काकांनी प्रत्येक पॅनेलची खालची वीतभर पट्टी तेवढी मोकळी केली आणि आत येऊन बसले. फोनवरच्या वीज मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये शून्य.

“आजोबा, इट्स नॉट वर्किंग,” नऊ वर्षांची नात अनया म्हणाली.

“ऊन तं येऊ दे बाप्पा.”

साडेबारा. शून्यच. रोशनीने ताटं मांडली. “बाबा, दांडा कुठे ठेवलाय?”

तेवढ्यात डोक्यावरच्या छपरावरून काहीतरी घरंगळत गेलं. धप्प! ताटातल्या वाट्या थरथरल्या. मागच्या दाराच्या काचेबाहेर कमरेइतका बर्फाचा ढीग. आकडा चढू लागला. अनया ओरडली, “आजोबा, यू डिड इट!” आणि बूट घालून मागच्या दाराकडे धावली. रोशनीने तिचा दंड धरला.

“आणि खाली ही असती तर, बाबा?”

काकांचं हसू गेलं. ते ढिगाकडे बघत राहिले, मग वर. दोन पॅनेलं अजून पांढरीच होती. खांबावर माणूस चढला की खालून कुणी जाऊ नये म्हणून दोर बांधायचा, त्याला लाल फडकं लावायचं. बत्तीस वर्षांत हे ते कधी विसरले नव्हते.

“जेवून घ्या आधी,” रोशनी म्हणाली. तिच्या आवाजातली धार उतरली होती.

काकांनी खुंटीवरची दोरी घेतली, ओट्यावरचं लाल फडकं खांद्यावर टाकलं, बूट चढवले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.