खडवलीच्या अंगणातला खुळखुळा

नाही म्हणजे नाहीच ऐकत! वर मलाच विचारते, "तुला तिथे बसून काय टोचतंय?" अहो, आई खडवलीला एकटी राहते. मागच्या अंगणात कमरेएवढं रान माजलंय, शेजारचे नाना रोज ओरडतात की एखादं जनावर निघेल, म्हणजे साप. मी फोनवर सांगून सांगून थकलो की पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. साफ, सपाट, खुर्ची टाकून बसायचं. "बसायला मी काय पाहुणी हाय का?" एवढं बोलून फोन कट.

मी कच्छमध्ये सोलर प्लांटवर कामाला आहे, भुजच्याही पुढे. नजर जाईल तिथे काचा नि पांढरी जमीन. हिरवं म्हणजे मेसमधली मिरची. दिवाळीच्या आधी सुट्टी मिळाली तसं ठरवलं, स्वतःच जाऊन काम उरकायचं. आंबिवलीच्या फरशीवाल्याला रविवारी बोलावलं. आईला सांगितलं नाही.

भुजहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी बोरिवली. स्लीपरला पाचशेच्या आसपास लागतात, तिकीट आधी काढा. बोरिवलीहून घोडबंदर रोडने ठाण्याची बस घ्या आणि उजवीकडची खिडकी पकडा, डोंगर दिसतो. गायमुखला ट्रॅफिक लागलं तर तासभर तोच डोंगर दिसतो.

पहिला मुक्काम बाळकुमला, ताईकडे. चौदावा मजला. तिच्या ग्रिलमध्ये रंगाच्या जुन्या बादलीत लिंबाचं झाड आहे. पानावर चिमणीची शी पडलेली दिसली म्हणून मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो, तर शी हलली! डोकं वर करून दोन केशरी शिंगं काढली आणि असला उग्र वास सोडला की मी मागेच सरकलो.

"अरे हात काढ! अळी आहे ती."

"पण पानं खातेय ना तुझी!"

"खाऊ दे. तिच्यासाठीच लावलंय झाड. लिंबू मी बाजारातून आणते."

खाली बघावं तर नुसत्या इमारती. त्यातून एक फुलपाखरू चौदा मजले चढून येतं आणि बादलीतलं एकुलतं एक झाड शोधून अंडं घालतं? त्याला पत्ता दिला कोणी? मी बराच वेळ त्या ग्रिलपाशीच बसलेलो.

रविवारी सकाळी दाजींची स्कूटर घेतली, ताई मागे. कशेळीचा पूल, मानकोली, मग नाशिक हायवे, पडघ्याजवळून खडवली फाटा. ट्रकांची गर्दी व्हायच्या आत निघा. वाटेत मिसळ खाल्ली, दोघांचे दोनशे झाले, रस्सा परत मागितला तर मिळतो. तिथे ताईला फरशीचं सांगितलं. तिच्या हातातला पाव हातातच राहिला.

"बाबा गेल्यावर आई कशी होती, बघितलंयस तू?"

मी नव्हतो. दहाव्याला आलेलो, तेरावं झाल्यावर परत गेलेलो.

"भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चहा ठेवला की तिथेच गार. मग मागच्या दारी काहीबाही उगवलं, ते बघायला उठायला लागली. आता रोज सकाळी कप घेऊन मागे जाते. तिथे फरशी टाक, आणि तिला उठवायचं कशाने ते पण सांग."

"आणि खरंच साप निघाला तर?"

ताईने राहिलेला पाव रश्श्यात बुडवला. माझंही काही खोटं नव्हतं.

घरी पोचलो तर आई दारातच. "आला का मुकादम! तुझ्या फरशीवाल्याने मलाच फोन केला, पत्ता विचारायला."

ओशाळलो, पण माघार कशी घ्यायची? कोयता उचलला. "नानांच्या बाजूचं तेवढं काढतो," म्हणून मागे गेलो. कोपऱ्यात खुळखुळा माजलेला. सुकलेल्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया वाजतात, म्हणून हे नाव. काड्यांना वाळकी पानं लटकलेली. मी कोयता मारला.

पानं उडाली.

सगळी. पानं नव्हतीच ती, मिटून बसलेली फुलपाखरं होती. काळ्यावर फिकट निळे पट्टे, मधेच केशरी. शेकडो असतील. डोक्यावर, तोंडासमोर, नानांच्या भिंतीच्याही वर. आवाज काहीच नाही, फक्त शेंगा खुळखुळत होत्या. मग एकेक करून परत खाली आली. माझ्या कोयत्याच्या मुठीवर बसली. 

दारात फरशीवाला टेप धरून उभा. "शेठ, माप कुठून घेऊ? ही पाखरं उठणार आहेत का?"

भिंतीवरून नानांचं डोकं आलं. तेही बघतच राहिले, पण खोकून म्हणाले, "चांगलं हाय. पण जनावराचं काय?"

"नाना, तुमच्या भिंतीलगत चार हात पट्टी साफ ठेवते," आई म्हणाली. "हिकडं कोणी हात लावायचा नाय." मग माझ्याकडे वळली. "नि तू. पावसात शेवाळावरनं दोनदा घसरले मी, सांगितलं नाय तुला. मला चालायला दगडाची वाट करून दे, एक पाऊल मावेल एवढी. बाकी फरशी तुझ्या कच्छात टाक."

ती पट्टी मी नि आईने मिळून साफ केली, एकेक काडी हलवून, फुलपाखरं उठवून. ताईने फोनवर वाचून दाखवलं: सुकलेल्या खुळखुळ्यात कसलासा रस असतो, तो चाखूनच नर मादीला भुलवायचा वास तयार करतो. "अत्तर लावायला येतात मेले," आई म्हणाली आणि हसली. बाबा गेल्यापासून तिचं हसणं मी फोनवरही ऐकलं नव्हतं.

तुम्हाला फुलपाखरांसाठी असं काही करायचं असेल तर गावी जागाच पाहिजे असं नाही, ग्रिल पण चालते. फवारा मारू नका, सुकलेलं लगेच उपटू नका, उथळ ताटलीत पाणी ठेवा. खुळखुळ्याच्या बिया विषारी असतात, पोरं नि शेळ्या लांब ठेवा. पाऊस संपल्यावर थांबून बघा. आमच्याकडे असे थवे दिवाळीच्या सुमाराला येतात.

आता परत कच्छला खोलीवर आलोय. बाहेर वारा आणि धूळ. डोळे मिटले की आई दिसते, हातात कप, खांद्यावर एक निळं बसलेलं, आणि ती हलतसुद्धा नाही. एवढी शांत आणि एवढी जागी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी ते अंगण झाकायला निघालेलो.

फरशीवाल्याने हिशोब पाठवला. दगड, वाळू, मजुरी, आणि घसरू नये म्हणून दगड वरून छिन्नीने खरबरीत करून घ्यायचे ते वेगळे. आईला पैसे पाठवतोय: सहा हजार दोनशे रुपये.